विषाला ओळखणारी काच



आज मी तुमच्याशी काचेबद्दल बोलणार आहे. खिडकीच्या काचेबद्दल नाही. ही काच भट्टीत बनत नाही. साध्या खोलीच्या तापमानाला, एखाद्या पेल्यात दोन द्रव मिसळून ती तयार होते. तिच्यात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, आणि त्या भोकांमध्ये कोंडलेली असतात अँटीबॉडीज, म्हणजे आपण मराठीत ज्यांना प्रतिपिंडं म्हणतो ती. पाणी या काचेतून गेलं की ही प्रतिपिंडं त्यातलं एक ठरावीक तणनाशक ओळखतात आणि धरून ठेवतात. बाकीचं पाणी पुढे जातं.

ऐकायला जादू वाटते. म्हणून आज दोन प्रश्न घेऊ. ही काच काम कशी करते? आणि ती इतकी हुशार आहे, तर आपल्या घरच्या फिल्टरमध्ये का नाही?

मी मूळची सांगली जिल्ह्यातली, आणि बऱ्याच वर्षांपासून चेन्नईत रसायनशास्त्र शिकवते. म्हणजे माहेर कृष्णेच्या उगमाकडचं, आणि घर तिच्या पाण्याच्या शेवटच्या नळापाशी. हे मी कौतुकानं बोलत नाही, हा शब्दशः करार आहे. १९७६ साली असं ठरलं की महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या कृष्णा खोऱ्यातल्या तीन राज्यांनी आपापल्या वाट्यातून ५-५ टीएमसी पाणी चेन्नईच्या पिण्यासाठी सोडायचं. एकूण १५. त्यातलं ३ टीएमसी वाटेत वाफ होऊन जाणार असं धरून उरलेलं १२ शहराला. तेलुगू गंगा म्हणतात ती हीच योजना. श्रीशैलम, सोमशिला, कंडलेरू असं करत ते पाणी कालव्यानं पूंडी तलावात येतं. १९९६ मध्ये ते पहिल्यांदा चेन्नईच्या हद्दीत पोचलं. महाबळेश्वरच्या पाण्यातला वाटा कागदोपत्री चेन्नईच्या घागरीत आहे.

आता या पाण्याच्या वरच्या अंगाला काय चालतं ते बघा. उसाची लागण झाली की पहिली चिंता तणाची. पूर्वी भांगलणीला बायका असायच्या. आता माणूस मिळत नाही, मिळालं तर मजुरी परवडत नाही. मग पाठीवर पंप आणि त्यात 'औषध'. आपल्याकडे विषालाही औषधच म्हणतात. या औषधांतलं एक जुनं आणि स्वस्त नाव म्हणजे ॲट्राझिन. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीनं ते शोधलं. ते रोपाच्या आतली प्रकाशसंश्लेषणाची साखळी मध्येच अडवतं. रोपाला ऊन मिळतं, पण उन्हाचं अन्न करता येत नाही. मका आणि ऊस यांना हा रेणू पचवून निकामी करता येतो. तणाला ते जमत नाही, म्हणून तण मरतं.

अडचण पुढे आहे. ॲट्राझिन मातीला फार घट्ट चिकटून बसत नाही. जोराच्या पावसात ते वाहतं, झिरपतं, आणि विहिरीच्या थंड, अंधाऱ्या पाण्यात पोचलं की फार हळू मोडतं. युरोपीय संघानं या शतकाच्या सुरुवातीला ते बंद केलं, त्यामागे भूजलाची चिंता हेच मोठं कारण होतं. अमेरिकेत ते अजून वापरात आहे. भारतात २०२० साली केंद्र सरकारनं २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात ॲट्राझिनचं नाव होतं. २०२३ च्या अंतिम आदेशात त्या यादीतल्या मोजक्याच नावांवर बंदी आली, आणि त्यात ॲट्राझिन नव्हतं.

सांगलीच्या फडातलं औषध चेन्नईच्या नळाला येतं, असं मी म्हणत नाही. एवढी धरणं, एवढं अंतर, एवढं पाणी मध्ये आहे. आणि मोजल्याशिवाय 'येतं' म्हणता येत नाही, तसंच 'येत नाही' असंही म्हणता येत नाही. खरा विषय तोच आहे, मोजणं.

किती बारीक मोजायचं? युरोपात पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीडनाशकाची मर्यादा आहे लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग. चेन्नईकरांना समजेल असं सांगते. आपल्या गल्लीत येणारी 'तण्णी लॉरी', म्हणजे पाण्याचा टँकर, १२,००० लिटरचा धरा. त्यात सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास, मिठाचे पंधरा-वीस कण विरघळले, की मर्यादा गाठली. रेणूंच्या हिशेबात, पाण्याच्या सुमारे बारा हजार कोटी रेणूंमागे ॲट्राझिनचा एक.

भारतात काय आहे? २००३ साली दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेनं आधी बाटलीबंद पाण्यात आणि मग शीतपेयांत कीडनाशकं सापडल्याचे अहवाल दिले. गदारोळ झाला, संयुक्त संसदीय समिती बसली, आणि तिचे अध्यक्ष होते शरद पवार. बाटलीबंद पाण्यासाठी आपण युरोपचाच ०.१ चा आकडा स्वीकारला. नळाच्या पाण्याच्या भारतीय मानकात मात्र ॲट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. एकाच घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या वीस लिटरच्या कॅनला एक नियम आणि शेजारच्या नळाला दुसरा. वीसपट फरक. तरी मी नळाच्या आकड्यावर रागावत नाही. मर्यादा लिहिणं सोपं असतं. ती पाळली जाते का, हे बघणारी यंत्रं महाग असतात, कोटीच्या घरातली, आणि ती चालवायला शिकलेली माणसं लागतात. त्यामुळे तपासायला नमुनेच थोडे जातात.

मग इतक्या गर्दीतून तो एक रेणू ओळखायचा कुणी? निसर्गाकडे एक पहारेकरी आहे. प्रतिपिंड.

आपल्या शरीरात परकं काही शिरलं की रक्तातल्या पेशी त्याच्या आकाराला तंतोतंत बसेल असं प्रथिन घडवतात. इंग्रजी वाय अक्षरासारखं. दोन हात, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला एक खोबण. त्या खोबणीत ठरलेला पाहुणाच बसतो. देवीच्या लसीपासून कोविडच्या लसीपर्यंत आपण याच ओळखीवर जगतो.

पण ॲट्राझिन फार छोटं आहे. त्याचा रेणुभार सुमारे २१६, प्रतिपिंडाचा सुमारे दीड लाख. एवढ्या छोट्या रेणूकडे शरीर लक्षच देत नाही. उपाय असा, की तो रेणू एखाद्या मोठ्या प्रथिनाच्या पाठीवर चिकटवायचा आणि मग प्राण्याला टोचायचा. शरीर त्या मोठ्या प्रथिनावर चवताळतं, आणि पाठीवरच्या छोट्या स्वाराचीही ओळख पटवून ठेवते अशी प्रतिपिंडं घडतात. अशा छोट्या रेणूंना हॅप्टेन म्हणतात. कार्ल लँडस्टायनर यांनी हे तंत्र उभं केलं, तेच ज्यांनी रक्तगट शोधले. पुढे १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडं प्रयोगशाळेत हवी तेवढी वाढवायची युक्ती शोधली. मग एका तणनाशकासाठी एक प्रतिपिंड, असं मागणीनुसार मिळू लागलं. आपल्याकडे चंडीगडच्या इमटेक संस्थेत ॲट्राझिनच्या प्रतिपिंडांवर आणि चाचण्यांवर बरंच काम झालं आहे.

पहारेकरी मिळाला. आता त्याला उभं कुठं करायचं? नुसता पाण्यात सोडला तर वाहून जाईल. शिवाय प्रतिपिंड नाजूक असतं. उष्णता सोसत नाही, जिवाणू त्याला खातात, कडक रसायनांत त्याची घडी मोडते आणि खोबण बिघडते.

इथे मला खरवस आठवतो. गाय व्याल्यावर पहिल्या दिवसांचा चीक. तमिळमध्ये त्याला सीम्पाल म्हणतात, इथेही त्याचा गोड पदार्थ करतात. चिकात प्रतिपिंडं भरपूर असतात, कारण वासराला आईकडून मिळणारं ते पहिलं संरक्षण. तो चीक वाफवला की दही-रवाळी न घालता आपोआप घट्ट होतो. कशामुळे? त्यातली प्रथिनं, प्रतिपिंडं धरून, उष्णतेनं उलगडतात आणि एकमेकांत गुंततात. म्हणजे खरवस हा प्रतिपिंडांचा घट्ट गोळा आहे, पण शिजलेला. चवीला छान, पहाऱ्याला निकामी. आपल्याला हवा आहे न शिजवलेला खरवस. प्रतिपिंडं जागच्या जागी अडकली पाहिजेत, पण जिवंत राहिली पाहिजेत.

काच यासाठी कुणाला सुचेल? काच म्हटलं की हजाराच्या वर तापमान. पण निसर्ग थंडपणे काच करतो. उसाच्या फडात हात घातला की पात हात कापते, ती धार सिलिकाची असते, वाळूत असतं त्याच सिलिकाची. भाताच्या तुसाची राख बहुतेक सिलिकाच असते. रोप जमिनीतून पाण्यात विरघळलेलं सिलिका घेतं आणि पानात साठवतं, भट्टी न पेटवता.

माणसानंही हे करून बघितलंय. १८४० च्या दशकात एबेलमन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की सिलिकाचं एक द्रव संयुग दमट हवेत ठेवलं की हळूहळू काचेसारखं घट्ट होतं. आज याला सोल-जेल पद्धत म्हणतात. द्रवातल्या सिलिकॉनच्या संयुगात पाणी आणि थोडं आम्ल घालायचं. त्यातून अल्कोहोल सुटतं, आणि सिलिकॉनचे रेणू प्राणवायूच्या दुव्यानं एकमेकांना हात देतात. साखळ्या होतात, साखळ्यांची जाळी होते, आणि एका क्षणी पेला कलता केला तरी द्रव हलत नाही. पारदर्शक जेली तयार. वाळवली की काच. पण भरीव नाही, स्पंजासारखी सच्छिद्र, आणि छिद्रं काही नॅनोमीटरची.

१९९० मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात डेव्हिड अवनीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काचेत विकर, म्हणजे एन्झाइम, कोंडून दाखवलं, आणि ते आत काम करत राहिलं. १९९२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या गटानं पारदर्शक काचेत प्रथिनं कोंडली. आणि १९९७ मध्ये अवनीर यांच्यासह इस्रायलमधल्या संशोधकांनी ॲट्राझिनची प्रतिपिंडं सोल-जेलमध्ये कोंडून ती पाण्यातलं ॲट्राझिन धरतात हे प्रसिद्ध केलं.

युक्ती क्रमात आहे. आधी आम्लात अभिक्रिया सुरू करायची, सुटलेलं अल्कोहोल शक्य तेवढं काढून टाकायचं, कारण ते प्रथिनांना सोसत नाही. मग प्रतिपिंडांचं सौम्य, आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असं द्रावण घालायचं. आम्ल उतरलं की मिश्रण लवकर घट्ट होतं. जाळी प्रतिपिंडाभोवतीच विणली जाते. त्याला कशाला चिकटवलेलं नसतं, फक्त दार त्याच्यापेक्षा लहान असतं. प्रतिपिंड बाहेर पडू शकत नाही, ॲट्राझिन मात्र सहज आत-बाहेर करतं. आणि प्रतिपिंडाला खाणारे जिवाणू दाराबाहेरच राहतात.

ही काच बारीक करून एका छोट्या नळीत भरली आणि तिच्यातून लिटरभर पाणी सोडलं, तर ॲट्राझिन आत अडकतं. नंतर अल्कोहोल मिसळलेलं थोडंसं पाणी सोडलं की प्रतिपिंडाची पकड सुटते. लिटरमधलं सगळं एका मिलिलिटरमध्ये आलं, तर ते हजारपट दाट झालं, शिवाय नदीच्या पाण्यातला पालापाचोळ्याचा रंग, क्षार, इतर सेंद्रिय कचरा यांच्यापासून वेगळं झालं. आता ते साध्या चाचणीतही दिसतं.

तर मग घरच्या फिल्टरमध्ये ही काच का नाही? चला, हिशेब करू.

एका प्रतिपिंडाला दोन हात, म्हणजे ते जास्तीत जास्त दोन रेणू धरणार. पण त्याचं वजन ॲट्राझिनच्या सुमारे सातशेपट. म्हणजे एक ग्रॅम ॲट्राझिन पकडायला, एकही हात वाया गेला नाही तरी, साडेतीनशे ग्रॅम प्रतिपिंड. एका कुटुंबाला पिण्या-स्वयंपाकाला रोज वीस लिटर पाणी धरू. पाण्यात मानकाच्या काठावरचं, लिटरला २ मायक्रोग्रॅम ॲट्राझिन असेल, तर वर्षाचे साधारण १५ मिलिग्रॅम. त्यासाठी प्रतिपिंड लागेल पाच ग्रॅम. प्रयोगशाळेला लागणारी प्रतिपिंडं मायक्रोग्रॅमच्या आणि मिलिग्रॅमच्या कुप्यांत विकली जातात. पाच ग्रॅम ही घरगुती फिल्टरची नव्हे, तिजोरीची गोष्ट आहे. शिवाय ते फक्त ॲट्राझिन आणि त्याची जवळची भावंडं पकडणार. बाकीची डझनभर कीडनाशकं शेजारून शांतपणे निघून जातील.

गाळायला ओळख लागत नाही, गाळायला लागते भूक. सगळ्यांना पकडणारी, स्वस्त भूक. म्हणून अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे नारळाच्या करवंटीचा खास कोळसा, अजून राजा आहे. आणि या बाबतीत चेन्नईनं जगाला काही दिलं आहे. आयआयटी मद्रासमधल्या प्रा. टी. प्रदीप यांच्या गटानं २००३ च्या सुमारास दाखवलं की चांदी-सोन्याचे नॅनोकण कार्बन टेट्राक्लोराइडसारखी क्लोरीन असलेली संयुगं साध्या तापमानाला मोडतात. त्यातून एंडोसल्फान, मॅलाथिऑन, क्लोरपायरिफॉस यांसारखी कीडनाशकं पाण्यातून काढणारा फिल्टर घडला, आणि २००७ मध्ये युरेका फोर्ब्सनं तो बाजारात आणला. त्याला एकेका विषाचं नाव पाठ करावं लागत नाही. शुद्धीकरणाचा रस्ता तो आहे.

मग प्रतिपिंडाची काच वाया गेली का? मुळीच नाही. तिला आपण चुकीची नोकरी देत होतो. ती पोलीस नाही, साक्षीदार आहे.

तोच हिशेब आता चाचणीसाठी करा. एक लिटर नमुना, ०.१ मायक्रोग्रॅम ॲट्राझिन. लागणारं प्रतिपिंड किमान ३५ मायक्रोग्रॅम. व्यवहारात काही पट जास्त धरा, तरी परवडतं. वर नळी धुऊन पुन्हा वापरता आली तर अजूनच स्वस्त. ही कल्पना अन्न तपासणीत रुळलेली आहे. शेंगदाणा, मिरची, दूध यांतलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तपासताना प्रयोगशाळा प्रतिपिंड भरलेल्या नळ्या सर्रास वापरतात. तिथं प्रतिपिंड बहुधा मऊ मण्यांना चिकटवलेलं असतं. काचेचा फायदा असा की ती टणक असते आणि आतल्या प्रथिनाला जपते.

अडचणी आहेत. काच वाळताना आकसते, भोकं बारीक होतात, आतलं प्रतिपिंड चेपलं जातं. ओली ठेवली तर टिकवणं कठीण. ॲट्राझिन मातीत मोडून जे तुकडे होतात, ते काही प्रतिपिंडांना ओळखताच येत नाहीत, म्हणजे विष अर्धं मोडलेल्या वेशात निसटतं. पण हे प्रश्न सुटण्यासारखे आहेत, सोडवणाऱ्याला गिऱ्हाईक दिसलं पाहिजे.

आणि इथे मला खरं बोलायचं आहे. गिऱ्हाईक असलं की आपण मोजतो. २०१० साली महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकली, कारण त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश सापडला. शेतकऱ्याचं प्रचंड नुकसान झालं. आज निर्यातीच्या द्राक्षांचे नमुने तपासले जातात, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा या कामात देशाची मानदंड आहे. खूप चांगलं काम आहे ते. पण त्याच बागेच्या कडेला एक विहीर असते. लंडनला जाणारा घड तपासला जातो. त्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या पोरासाठी तसा नमुना कधी गेला का, हे आपापल्या गावी विचारा.

जल जीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण देण्याची सोय आहे. त्यांच्या किटमध्ये सामू, क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्लोरीन असं बघता येतं. कीडनाशक बघता येत नाही. माझ्या मते या काचेची जागा तिथं आहे. एक छोटी नळी, सिरिंजनं ढकललेलं पाणी, आणि शेवटी एक पट्टी. फक्त लक्षात ठेवा, इतक्या छोट्या रेणूच्या पट्टीवर गोष्ट उलटी असते. कोविडच्या किटवर रेघ उमटली की रोग. इथे रेघ पुसट झाली की विष. आणि पट्टीनं इशारा दिला तरच नमुना कोटीच्या यंत्राकडे जाईल. शंभर विहिरींतल्या संशयित तीन-चार पाठवणं कुठल्याही जिल्ह्याला झेपेल.

२०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. २०१९ मध्ये जोलारपेट्टैहून चेन्नईला गेलं. दोन्ही वेळा आपण पाणी किती आलं ते लिटरमध्ये मोजलं. आता पाण्यात काय आलं, हे मोजायची पाळी आहे. आपल्यापैकी जी मुलं-मुली रसायनशास्त्र, जीवशास्त्र शिकतायत, त्यांना मी एवढंच सांगेन, की शेतकऱ्याला परवडेल अशी ती नळी बनवायचं काम अजून शिल्लक आहे. आणि जे शेती करतात त्यांनी पुढच्या ग्रामसभेत पाण्याच्या अहवालाचा कागद मागून घ्या, आणि त्यात कीडनाशकाचा रकाना आहे का, ते बघा.